वारा फिरेपर्यंत: मध्ययुगातला दर्यावरचा व्यापार कसा वाढला

मुंबई-गोवा महामार्गावर खारेपाटण लागतं. बहुतेकांची गाडी तिथे चहापुरती थांबते आणि पुढे निघते. गावाजवळून शुक नदी वाहते आणि विजयदुर्गच्या खाडीतून समुद्राला मिळते. या खारेपाटणात एक ताम्रपट सापडला, शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने अव्वेश्वराच्या देवळासाठी आणि तिथल्या शैव तपस्व्यांसाठी दिलेलं दान त्यात कोरलं आहे. गावं दिली आहेत, आणि जोडीला एक फार बोलकं उत्पन्न लावून दिलं आहे: परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण, आणि कंदलमूलीय या ठिकाणाहून येणाऱ्या जहाजामागे सोन्याचं एक धरण (ही दोन्ही तेव्हाची नाणी). यातून चेमूल्य आणि चंद्रपूर वगळली आहेत. चेमूल्य म्हणजे आपलं चौल, चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदर.

देवाच्या पूजेअर्चेचा खर्च राजा भरवशाच्या उत्पन्नावरच लावून देतो. कधीमधी वाट चुकून एखादं गलबत येत असेल तर त्यावर दिवाबत्ती चालत नाही. म्हणजे हजार वर्षांपूर्वी या खाडीच्या परिसरात परदेशी जहाजं इतकी नेमाने येत होती की त्यांच्या येण्याचा हिशेब धरता येत होता. कुठून येत होती ती? आणि इतकी नेमाने कशी?

पुस्तकांत याचं उत्तर बहुतेकदा राजांच्या आणि साम्राज्यांच्या नावांनी सुरू होतं. ती नावं लागतातच, पण मला वाटतं या व्यापाराची गोष्ट त्याआधी समजून घ्यावी लागते ती थांबण्याची. या समुद्रावर जहाज हाकणाऱ्या माणसाच्या वर्षातले कित्येक महिने परक्या बंदरात वाऱ्याची वाट बघण्यात जात. बंदरं वाढली, वस्त्या झाल्या, लग्नं झाली, उधारीच्या रीती बसल्या, ते सगळं या मुक्कामात.

आधी वारा. उन्हाळ्यात आशियाची जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होते आणि समुद्रावरची हवा तिकडे ओढली जाते. जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून आपल्याकडे येतो, पाऊस घेऊन येतो. हिवाळ्यात उलट होतं. जमीन थंड, समुद्र त्या मानाने उबदार, आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वारा ईशान्येकडून समुद्राकडे वाहतो. वर्षातून दोनदा दिशा बदलणारा आणि दरवर्षी साधारण त्याच सुमारास बदलणारा वारा म्हणजे खलाशाच्या हाती आलेलं फुकटचं इंजिन. आपण ज्याला मोसमी वारे म्हणतो तो ‘मोसम’ शब्द अरबी आहे. मूळ अर्थ ठरलेली वेळ, हंगाम. दर्यावर्दींच्या वेळापत्रकातला शब्द आपल्या पावसाला येऊन चिकटला.

या इंजिनाचे नियम मात्र कडक. जून-जुलैत आपला पश्चिम किनारा बंद. तेव्हाच्या खवळलेल्या समुद्रात गलबत घालणं म्हणजे ते खडकावर नेऊन फोडणं. त्यामुळे एडनचा व्यापारी ऑगस्ट सरता सरता, नैर्ऋत्य वाऱ्याचा जोर ओसरताना निघे आणि सप्टेंबरात हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागे. आपले कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पाण्यात लोटतात, ते या हिशेबाचंच किनाऱ्यावरचं रूप आहे. माल उतरवला, विकला, नवा भरला, तरी लगेच परतता येत नसे. वारा अजून फिरलेला नसायचा. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत इथेच राहायचं. त्याला पुढे मलाक्काच्या सामुद्रधुनीपलीकडे जायचं असेल तर आणखी एखाद्या बंदरात असाच मुक्काम. इ.स. ८५१ च्या एका अरबी वृत्तान्तात मस्कत ते केरळातलं कोल्लम ही मजल सुमारे महिन्याची सांगितली आहे. कोल्लमहून मलाया आणि तिथून चीन. इराणच्या आखातातून निघून चीनला जाऊन परत यायचं तर वाऱ्यांच्या वाटा बघण्यासकट दीड-दोन वर्षं धरावी लागत.

एवढ्या लांबवर कोण जातं आणि कशासाठी? इथे राजांची नावं येतात. आठव्या-नवव्या शतकात समुद्राच्या दोन टोकांना दोन श्रीमंत गिऱ्हाइकं होती. पश्चिमेला अब्बासी खलिफा. त्यांनी ७६२ मध्ये बगदाद वसवलं आणि ती नगरी इराणच्या आखाताला नदीवाटे जोडलेली होती. पूर्वेला तांग वंशाचा चीन. मधल्या वाटेवर गुजरात, कोकण, मलबार, श्रीलंका आणि सुमात्र्यातलं श्रीविजय हे राज्य.

या काळातला एक पुरावा अगदी हातात घेऊन बघावा असा आहे. १९९८ मध्ये इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ समुद्राच्या तळाशी एक बुडालेलं जहाज सापडलं. त्यात सुमारे साठ हजार चिनी मातीची भांडी होती, आणि त्यांतली बहुतेक एकाच ठिकाणची, हूनान प्रांतातल्या चांगशा भट्ट्यांतली. त्यांतल्या एका वाडग्यावर तारीख कोरली आहे. ती निघते इ.स. ८२६ ची. वाडगे मोठमोठ्या रांजणांत एकात एक गोल रचून ठेवले होते, हलू नयेत, फुटू नयेत म्हणून. साधे, तपकिरी नक्षीचे, ओंजळीत मावणारे, रोज जेवायला घ्यावेत असे. हजारोंनी एकसारखे. खलिफाच्या महालासाठी कोणी साठ हजार वाडगे मागवत नाही. शहरातल्या मध्यम कुटुंबांच्या ओसरीवर जाणारा हा माल होता. दूरचा व्यापार म्हणजे रेशीम, मोती आणि मसाले असं आपल्या मनात बसलेलं असतं, पण जहाजाचं पोट भरायला खजूर, तांदूळ, लाकूड, सुती कापड आणि भांडीकुंडीही लागत. गुजरातेत छापलेल्या सुती कापडाचे तुकडे इजिप्तमधल्या जुन्या फुस्तात शहराच्या उकिरड्यांत सापडले आहेत. सिराफ या इराणी बंदरातली घरं सागवानाची होती आणि सागवान तिकडे उगवत नाही.

बेलितुंगचं जहाज स्वतःही बघण्यासारखं होतं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, शिवलेल्या होत्या. फळ्यांच्या कडांना ओळीने भोकं पाडायची, त्यांतून दोरी ओवून फळी फळीला आवळायची आणि वरून माशाचं तेल चोपडायचं. अरबी समुद्रात शतकानुशतकं गलबतं अशीच बांधली जात. दोरी बहुतेकदा काथ्याची. काथ्या खाऱ्या पाण्यात कुजत नाही, उलट फुगून घट्ट बसतो, आणि शिवलेलं गलबत वाळूवर आदळलं तर तडकण्याऐवजी थोडं लवतं. काथ्या मालदीव आणि मलबारचा, साग सह्याद्रीच्या उतारांवरचा. म्हणजे अरबस्तानात बांधलेल्या जहाजाचं हाडही बऱ्याचदा इकडून गेलेलं आणि शिराही.

आता पुन्हा मुक्कामाकडे येऊ. तीन महिने परक्या गावात राहायचं म्हणजे घर हवं, स्वयंपाक हवा, नमाजाला जागा हवी, भांडण झालं तर न्याय करणारा हवा. प्रसिद्ध अरब प्रवासी अल-मसूदी इ.स. ९१६ च्या सुमारास सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे पुन्हा चौल. तो लिहितो की तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले लोक, आणि त्याशिवाय ‘बयासिरा’, म्हणजे या लोकांना इथेच, हिंदुस्थानच्या भूमीत झालेली मुलं. तिथल्या शिलाहार राजाचं नावही तो सांगतो: झंझ. मुसलमानांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे, त्याला ‘हुनरमन’ म्हणत. राजा हिंदू, वस्ती परदेशी, कायदा वस्तीचा आणि नेमणूक राजाची. आज चौल-रेवदंड्याला नारळी-पोफळीच्या वाड्यांतून चालताना हे मला दर वेळी आठवतं. सप्टेंबरात या खाडीच्या तोंडाशी किती शिडं उतरत असतील.

याच सुमाराचा दुसरा पुरावा पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचा. तिथल्या ताम्रपटावर शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ आहे. राष्ट्रकूट राजाच्या वतीने संजाणच्या मुलखावर राज्य करणारा अधिकारी ‘ताजिक’, म्हणजे अरब होता. संस्कृतात त्याचं नाव ‘मधुमती’ असं लिहिलं आहे, आणि अभ्यासक ते ‘मुहम्मद’ वाचतात. त्याचं दुसरं नाव सुगतिप. या माणसाने काय काय केलं ते ताम्रपट सांगतो: किनाऱ्यावरच्या बंदरांचे प्रमुख राष्ट्रकूटांच्या ताब्यात आणले, दोन नद्यांवर फुकट नावा सुरू केल्या, आणि संजाणात एक अन्नछत्र घातलं. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे, पैसे न घेता. देवीच्या मठिकेला दिलेल्या दानालाही त्याची संमती आहे. भात, कालवण, तूप ही तपशिलाची जागा मला फार मोलाची वाटते. बंदर चालवायचं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला नदी ओलांडता आली पाहिजे आणि पोटाला मिळालं पाहिजे, हे त्या अधिकाऱ्याला नीट कळलं होतं.

गोव्याच्या कदंबांच्या लेखातही असाच प्रसंग आहे. कदंब राजा समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेला निघाला असताना वाटेत डोलकाठी मोडली आणि जहाज गोपकपट्टणाला, म्हणजे गोव्याच्या त्या वेळच्या बंदराला लागलं. तिथल्या ‘मदुमद’ नावाच्या अरब व्यापाऱ्याने त्याला मदत केली. पुढे अकराव्या शतकाच्या मध्यात जयकेशी पहिला या राजाच्या काळात त्या व्यापाऱ्याच्या नातवाला मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांकडून कर घेण्याचा हक्क मिळाला. खारेपाटणात जहाजांच्या सोन्यावर शिवमंदिर चाललं, गोव्यात मशीद.

नवव्या शतकाच्या अखेरीपासून व्यापाराची घडण बदलू लागली आणि पुढे वाढीचा मोठा टप्पा सुरू झाला. ८७८-७९ मध्ये चीनच्या क्वांगचौ बंदरात हुआंग चाओच्या बंडखोरांनी परदेशी व्यापाऱ्यांची कत्तल केली. सिराफची जहाजं थेट चीनला जाईनाशी झाली, आणि चिनी जहाजं व ती मलायात कलाह इथे भेटू लागली. हळूहळू सगळीकडेच हा शहाणपणा रुजला: टोकापासून टोकापर्यंत एकाच जहाजाने जाण्याऐवजी वाट तुकड्यांत वाटून घ्यायची. एडन ते मलबार एक मजल, मलबार ते मलाक्काची सामुद्रधुनी दुसरी, तिथून चीन तिसरी. प्रत्येक मजल एका मोसमात बसते, आणि दोन-दोन वर्षं अडकणारं भांडवल वर्षाच्या आत मोकळं होतं.

मागणीही वाढली. ९६९ मध्ये फातिमी खलिफांनी इजिप्त घेऊन कैरो वसवलं आणि व्यापाराचा ओढा इराणच्या आखाताकडून तांबड्या समुद्राकडे सरकू लागला. ९७७ मध्ये सिराफला भूकंपाने हादरवलं, त्यानेही त्याला हातभार लागला. दक्षिणेत चोळांनी चीनला वकिलाती पाठवल्या आणि १०२५ मध्ये राजेंद्र चोळाच्या आरमाराने श्रीविजयवर स्वारी केली. ऐहोळेशी नाव जोडलेल्या ‘पाचशे’ या व्यापारी संघाचा १०८८ चा तमिळ लेख थेट सुमात्र्यात बारूसला मिळाला आहे. चीनमध्ये सुंग राजवटीने समुद्री व्यापाराची कचेरी १०८७ मध्ये छुआनचौ बंदरातही उघडली. ११२७ मध्ये उत्तर चीन हातचा गेल्यावर तर दक्षिणेत उरलेल्या सुंगांना समुद्रावरच्या जकातीचा मोठा आधार झाला. जहाजावर दिशा बघायला चुंबकाची सुई वापरल्याचा चिनी उल्लेख १११९ चा आहे.

पण हे चालतं कसं? मंगळुरातला व्यापारी कैरोतल्या माणसावर विश्वास कसा ठेवतो, पत्र पोचायला कित्येक महिने लागत असताना? याचं उत्तर आपल्याला एका योगायोगाने मिळालं. देवाचं नाव लिहिलेला कागद फाडायचा नाही, अशी ज्यूंची श्रद्धा. म्हणून फुस्तातच्या, म्हणजे जुन्या कैरोच्या, सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या) एका खोलीत जुने कागद टाकले जात. करारमदार, हिशेब, घरगुती पत्रं, सगळं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बाहेर आलं आणि त्यात हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्यांची शेकडो पत्रं निघाली.

त्यातला अब्राहम बेन यिजू मला सर्वांत जवळचा वाटतो. मूळचा ट्युनिशियाचा. ११३२ च्या सुमारास तो मंगळुरात होता आणि ११४९ पर्यंत इकडेच राहिला. अशू नावाच्या दासीला त्याने ११३२ मध्ये रीतसर मुक्त केलं, तिच्याशी संसार केला, मुलं झाली. त्याचा मंगळुरात तांब्या-पितळेच्या भांड्यांचा कारखाना होता. एडनहून मोडीचं तांबं यायचं, इथे त्याची समया-भांडी घडायची आणि परत एडनला जायची. इकडून मिरी, सुंठ, वेलदोडे, सुपारी, लोखंड. तिकडून त्याच्यासाठी खासगी भेटी: कागद, साखर, मनुका. त्याचा बोम्मा नावाचा दास त्याच्या वतीने एडनला जाऊन व्यवहार करत असे, आणि एडनचे मोठे व्यापारी पत्रात त्याला आदराने सलाम पाठवत.

या पत्रांत एक रीत सारखी दिसते. तू माझा माल तिथे विक, मी तुझा इथे विकतो. दलाली कोणी मागायची नाही. जोडीला भागीदारीची एक रूढ पद्धत: भांडवल एकाचं, प्रवास दुसऱ्याचा, नफा ठरल्या वाट्याने, आणि जहाज बुडालं तर भांडवलवाल्याचं नुकसान, प्रवास करणाऱ्याची मेहनत गेली. कोणी लबाडी केली तर पुढच्या मोसमात ती बातमी पत्रांतून सगळ्या बंदरांत पोचलेली असायची. या व्यापारात माणसाचं खरं भांडवल होतं त्याचं नाव.

आणि हे नाव धर्माच्या पलीकडे चालायचं. महरूझ नावाच्या ज्यू व्यापाऱ्याच्या मेहुण्याला इकडच्या किनाऱ्यावर चाच्यांनी लुटलं. महरूझ त्याला लिहितो की पैशांची गरज असेल तर टिनबू नाखुद्याकडून माझ्या नावावर २१ मिस्काल (सोन्याची नाणी) घे. त्याच्या-माझ्यात न तुटणारी मैत्री आहे. टिनबू हिंदुस्थानी जहाजमालक. हा ‘नाखुदा’ म्हणजेच आपला नाखवा. फारसीतून आलेला शब्द आपल्या कोळीवाड्यांत आडनाव होऊन बसला आहे.

चाचे होतेच, आणि राजे सगळेच सुगतिपासारखे नव्हते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याबद्दल लिहितो की तिथल्या राजाची चाच्यांशी बोली झालेली आहे: लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा. इकडे चांगले घोडे पैदा होत नसत, त्यामुळे घोडा सोन्यासारखा. वादळात फुटलेलं जहाज किनाऱ्याला लागलं तर सगळा माल राजाने जप्त करायचा, ही बऱ्याच ठिकाणची जुनी चाल होती. म्हणून आंध्रातल्या मोटुपल्लीचा १२४४-४५ चा लेख वाचावा. काकतीय गणपतिदेव त्यात परदेशी व्यापाऱ्यांना अभय देतो. पूर्वीचे राजे फुटक्या जहाजांचं सोनं, हत्ती, घोडे, रत्नं घेत. आम्ही मात्र ठरलेली जकात सोडून बाकी सगळं व्यापाऱ्याचं त्याला देऊ, कारण प्राणापेक्षा धन मोठं मानून ही माणसं समुद्राचा धोका पत्करतात. जकात तीसात एक. पुढे कालिकतची भरभराट झाली त्यामागेही हेच: तिथे फुटलेल्या जहाजाचा माल मालकाला मिळतो, मलबारात इतरत्र तसं नाही, असं चौदाव्या शतकात इब्न बतूता नोंदवतो. व्यापारी वाऱ्यामुळे कुठल्या तरी बंदरात थांबणारच होता. कुठल्या, हे त्याला तिथे मिळणाऱ्या वागणुकीवर ठरायचं.

घोड्यावरून शेवटचा माणूस सांगतो. अफानासी निकितीन, रशियातल्या त्वेरचा व्यापारी, वास्को द गामा कालिकतला येण्याच्या पंचवीस-तीस वर्षं आधी होर्मुझहून गलबतात बसला. बरोबर एक घोडा, विकून नफा करायला आणलेला. सुमारे सहा आठवड्यांनी तो चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून अट घातली. एका खुरासानी माणसाने रदबदली केली तेव्हा घोडा परत मिळाला. मग पाऊस लागला. निकितीन लिहितो की चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. घोड्यांना इथे वाटाणे चारतात, असं त्याने टिपून ठेवलं आहे, आणि खिचडी शिजवून, साखर आणि लोणी घालून तीही चारतात. जुन्नरचा पावसाळा ज्याने पाहिला असेल त्याला त्या परक्या माणसाचे ते चार महिने डोळ्यांसमोर येतील.

परतताना तो दाभोळला आला आणि होर्मुझपर्यंतच्या जागेसाठी त्याने दोन सोन्याची नाणी मोजली. महिनाभर समुद्रावर काढल्यावर दिसले ते इथिओपियाचे डोंगर. वाऱ्याने गलबत भलतीकडे नेलं होतं. तिथले लोक लुटायला येतील अशी धास्ती होती. गलबतावरच्यांनी त्यांना भरपूर तांदूळ, मिरी आणि भाकऱ्या वाटल्या, आणि त्यांनी गलबत लुटलं नाही.